कागदावरची तिसरी ओळ

"अक्का, अजून एक गोधडी घाला की," रतन म्हणाली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते.

तिच्या अंगावर आधीच तीन गोधड्या होत्या. मार्च सरत आला होता, सकाळचे दहा वाजले होते आणि डोक्यावरचा पत्रा तापू लागला होता. मी चौथी गोधडी घातली, वरून दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी लोखंडी खाट खडखडत राहिली. पाव तासाने थंडी थांबली आणि अंग असं तापलं की हात ठेववेना.

रतन माझी धाकटी जाऊ. मी गावच्या शाळेत चौथीला शिकवायचे. आमचे हे लष्करात, जम्मूकडे. घरात मोठी माणसं आम्ही चौघंच: सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, दीर हिंदुराव, रतन आणि मी. बाकी शाळकरी पोरं. कृष्णाकाठचं गाव, मिरजेपासून बारा कोसांवर. साल शहाण्णव.

चौदा महिन्यांपूर्वी तालुक्याच्या गावी रतनचं पित्ताशय, म्हणजे पित्ताची पिशवी, काढलं होतं. त्यात खडे झाले होते. डॉक्टरांनी ते खडे एका बाटलीत घालून आमच्या हातात दिले होते. तांबूस-पिवळे, तुरीच्या दाण्याएवढे एकतीस खडे. आत्याबाईंनी बाटली कोनाड्यात ठेवली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवली जायची. "सगळी घाण निघाली बघा," असं म्हणून.

मीही ती बाटली शाळेत नेऊन पोरांना दाखवली होती. तेव्हा नसीमा नावाच्या मुलीने विचारलं होतं, "बाई, पिशवीच काढली, मग आता पित्त कुठं जातं?"

मी म्हणाले होते, "आता तयारच होत नाही." आणि फळ्यावरचं पुढचं गणित घेतलं होतं.

तर ऑपरेशननंतर सहा-सात महिन्यांनी रतनला थंडीताप सुरू झाला. महिन्यातून एकदा यायचा, दोन दिवस राहायचा, जायचा. गावातल्या कंपाउंडरने हिवतापाच्या गोळ्या दिल्या. बरगडीखाली दुखतंय म्हणाली, तर जुन्या टाक्याची जागा ओढत असेल म्हणालो. त्या आठवड्यात डोळे पिवळे झाले. बुधवारी आत्याबाई तिला ओढ्यापलीकडच्या केरबांकडे घेऊन गेल्या. केरबा काविळीची माळ द्यायचे, फक्त बुधवारी आणि रविवारी. कसल्याशा झाडाच्या काड्यांचे बोटभर तुकडे दोऱ्याच्या गाठींत गुंफलेली ती माळ उपाशीपोटी डोक्यावर ठेवायची. कावीळ जसजशी उतरते तसतशी माळ लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून बेंबीपर्यंत. बेंबीखाली गेली की माणूस बरा.

शनिवारी सकाळी रतनची माळ छातीपर्यंत आली होती.

"बघ, उतरतीया," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी गोधडी बाजूला करून माळ हिंदुरावांना दाखवली. "उद्या ऐतवार. केरबाकडनं दुसरी आणू. मंगळवारपर्यंत उभी ऱ्हातीया का न्हाई बघ."

हिंदुराव उंबऱ्यात उभे होते. रात्रभर उसाला पाणी पाजून आलेले, पायांना चिखल.

"भावजी, तिला मिरजेला न्यायला हवं," मी म्हणाले. "आज. आत्ता."

"वैनी, मिरज म्हंजे काय खायचं काम हाय? आनि कावीळच हाय न्हवं?"

"ही नुसती कावीळ नाही. थंडी वाजून ताप, वर पोटात दुखतंय. मला ते पहिल्यासारखंच वाटतंय. खड्यांचं."

"खड्यांचं?" हिंदुराव माझ्याकडे बघतच राहिले. "पिशवी काढलीया की तिची! तुमीच न्हवतं का सांगितलं, पिशवी गेली, आता जन्मात खडा व्हायचा न्हाई म्हणून? ह्याच ओट्यावर बसून सांगितलंसा."

"सांगितलं होतं. चुकलं असेल माझं."

"तुमचं?" ते हसले. चेष्टेने नाही. मास्तरणीचं चुकू शकतं हे त्यांच्या मनात शिरेचना, म्हणून हसले.

आत्याबाई म्हणाल्या, "माळ लांबतीया हे दिसतंय डोळ्यांनी. अजून काय पायजे?"

मी आत माझ्या खोलीत गेले आणि खुंटीखाली उलटी घातलेली पितळी कळशी तशीच उचलून बाहेर आणली. कळशीवर दुसरी माळ होती. बुधवारी मी केरबांकडून एक जास्तीची मागून घेतली होती, पोरांना दाखवायला. माझी खोडच तशी. चिंचोके भिजवून ठेव, बाटलीत गांडुळं ठेव. ही माळ मी कळशीच्या बुडावर गोल ठेवली होती. आता ती कळशीच्या काठावरून खाली लोंबत होती.

"बुधवारी ही एवढीशी होती, चुंबळीएवढी," मी म्हणाले. "काड्या ओल्या असतात. वाळल्या की आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. कळशीला कावीळ झाली होती का आत्याबाई?"

मला वाटलं होतं, आता कुणाला काही बोलायला जागा राहणार नाही. वर्गात असंच व्हायचं.

आत्याबाईंनी कळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परीक्षा बघितलीस तू? देवाच्या औषधाची परीक्षा? भांड्याला घातलीस माळ? म्हणून गुण न्हाई आला माझ्या पोरीला! हिंदुराव, हिनं घालवला गुण!"

"आत्याबाई, अहो..."

"आता केरबा दारात तरी उभं करंल का आमास्नी?"

हिंदुराव दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मी त्यांना कुठल्या बाजूला ढकललं होतं हे माझ्या लक्षात आलं. ते आता आईला दुखावून उठणार नव्हते. ते म्हणाले, "वैनी, उद्याची एक माळ बघू. सोमवारी मी सोता नेतो."

"सोमवारपर्यंत..." मी म्हणाले आणि पुढचं तोंडातून काढलं नाही.

ते खाटेजवळ गेले. रतनच्या कपाळावर हात ठेवला. "रतन, पाणी पिती का?"

रतनने डोळे उघडले. हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे डोळे. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, तू कवा आलास? आई आली न्हाई?"

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो पुण्याला होता आणि तिची आई जाऊन पाच वर्षं झाली होती.

हिंदुराव ताडकन उठले. चिखलाच्या पायांनीच बाहेर गेले आणि दहा मिनिटांत शेजारच्या बाबूची जीप दारात आणून उभी केली. आत्याबाईंनी फक्त रतनच्या गळ्यातली माळ नीट केली.

निघताना मी ट्रंक उघडून तालुक्याच्या दवाखान्याचा घरी सोडतानाचा कागद काढला आणि उभ्याउभ्या वाचला. इंग्रजीत टाइप केलेला, चार ओळींचा. मग घडी करून पिशवीत ठेवला. मला वाटतं तोपर्यंत मी रतनच्या तापाला घाबरले होते, आता दुसऱ्याही एका गोष्टीला घाबरले.

रस्त्यात तिला पुन्हा थंडी भरली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाबू खड्डे चुकवत होता, हिंदुराव "हाण की लेका" म्हणत होते आणि लगेच "हळू, हळू" म्हणत होते. तासगाव मागे पडलं तेव्हा थंडी थांबली. मला बरं वाटलं. मग कळलं की ती थरथरायचीच थांबलीय, हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत.

मिरजेला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दाराशीच तिला स्ट्रेचरवर घेतलं, सलाईन लावलं, आत नेलं. अर्ध्या तासाने सोनोग्राफीच्या खोलीतून एक पन्नाशीचे डॉक्टर बाहेर आले. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं: मुजावर.

"नवरा कोण?"

"मी," हिंदुराव उठले.

"हिच्या पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. मागे पित्त तुंबलंय आणि त्यात पू झालाय. तो पू रक्तात जातोय. ब्लडप्रेशर घसरलंय. बरगड्यांमधून सुई घालून यकृतातली नळी गाठायची आणि तुंबलेलं बाहेर काढायचं, एवढा एकच मार्ग आहे. आत्ता. धोका आहे. न करण्यात त्याहून जास्त आहे."

"पन सायेब," हिंदुराव म्हणाले, "पिशवीच काढलीया. मग खडा आला कुठनं?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. आत नर्स सुईचं सामान लावत होती. "शेती काय करता?"

"ऊस."

"पाणी?"

"विहीर हाय. मोटरनं हौदात चढवतो, हौदातनं पाइपनं रानात."

"हौद पाडला तर विहीर आटेल?"

"कशी आटंल?"

"तसंच आहे. पित्त पिशवीत तयार होत नाही. यकृतात होतं, दिवसाला अर्धा-पाऊण लिटर. पिशवी म्हणजे तुमचा हौद. पित्त साठवायचं, घट्ट करायचं, जेवण झालं की सोडायचं. पिशवी काढली की पित्त साठत नाही, यकृतातून सरळ आतड्यात झिरपत राहतं, रात्रंदिवस. बऱ्याच माणसांना त्यानं काही बिघडत नाही. नळी थोडी रुंदावते, शरीर सांभाळून घेतं. पण हिच्या यकृताच्या आतल्या नळ्यांतच खडे आहेत, डाव्या बाजूला. वरच्या पाइपात. हौद पाडून वरच्या पाइपातला गाळ जात नाही."

"मग पिशवी काढायलाच नको हुती?"

"तसं नाही. पिशवीतही खडे होते, ती काढायलाच हवी होती. पण आता काय झालंय, वरचा एक खडा घसरून खालच्या मोठ्या नळीत येऊन बसलाय. पिशवी असती तर तुंबलेलं थोडंफार तिच्यात गेलं असतं, ती फुगली असती, दाब झेलला असता. आता मध्ये काही नाही. दाब थेट यकृतावर. म्हणून अशा माणसाला ऑपरेशननंतर वरचेवर बघावं लागतं. जुने कागद आहेत?"

मी पिशवीतून घडी काढून दिली.

डॉक्टरांनी कागद वाचला. भुवया एकत्र आल्या. "हे काय? इथं स्पष्ट लिहिलंय. तिसरी ओळ." त्यांनी ती मराठीत सांगितली. "डाव्या यकृतनलिकांमध्ये खडे दिसतात. पुढील उपचारासाठी सहा आठवड्यांनी मोठ्या रुग्णालयात दाखवावे. दाखवलं होतं?"

"आमास्नी कुणी सांगितलंच न्हाई!" हिंदुराव एकदम तापले. "लिवून दिलं आनि सांगितलं न्हाई? इंग्रजीत लिवून हातात कोंबलं! त्या डॉक्टरला मी सोडत न्हाई. कोर्टात उभा करतो. एवढा पैका घेतला आनि तोंडानं एक शबूद..."

"ते नंतर," डॉक्टर म्हणाले. "आधी इथं सही करा."

मी गप्प राहू शकले असते. तालुक्याचा डॉक्टर तिथं नव्हता. तो हो-नाही म्हणायला येणार नव्हता.

"भावजी," मी म्हणाले, "त्यांचा दोष नाही. त्यांनी कागद माझ्या हातात दिला होता. म्हणाले, बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, नीट वाचा, काही कळलं नाही तर विचारा."

हिंदुराव पेन हातात धरून थांबले.

"ओट्यावर सगळे बसला होतात. मी पहिल्या दोन ओळी वाचून मराठीत सांगितल्या. तिसरी मला कळली नाही. त्यातले दोन शब्द मला येत नव्हते. मी ती सोडली आणि चौथी वाचली, तेलकट खाऊ नये. आणि वरून म्हणाले, आता जन्मात खडा होणार नाही. ते कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते मीच म्हणाले."

"इचारायचं की मग कुणाला," ते म्हणाले. अगदी हळू. मला त्यांनी ओरडायला हवं होतं.

"मला येत नाही असं म्हणायचं नव्हतं."

ते माझ्याकडे बघत होते. मग खाली वाकून त्यांनी सही केली, एकेक अक्षर गिरवत, जशी मीच त्यांना या घरात आल्यावर शिकवली होती तशी. कागद डॉक्टरांना दिला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

आम्ही दोघं त्या बाकावर दीड तास होतो. मध्ये चार माणसं बसतील एवढी जागा. एकदा नर्स धावत बाहेर आली, रक्ताची पिशवी घेऊन धावत आत गेली. हिंदुराव उभे राहिले, मीही उभी राहिले. दार बंद झालं. आम्ही पुन्हा बसलो. त्यांनी एकदाच तोंड उघडलं, तेही समोरच्या भिंतीकडे बघून: "पोरं शाळेतनं आली असतील आता."

तीनला डॉक्टर मुजावर बाहेर आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"नळी बसली. काळपट हिरवं, गढूळ पित्त आलं, पेलाभर तरी. ब्लडप्रेशर थोडं वर आलंय. उद्या सकाळपर्यंत टिकली तर बघू."

रतन टिकली. आठ-दहा दिवसांनी मोठ्या नळीतला खडा दुर्बिणीतून काढला. तो त्या बाटलीतल्या खड्यांसारखा नव्हता, तपकिरी आणि भुसभुशीत होता, चिमटीत धरला की चुरा. तीन महिन्यांनी पुण्याला नेऊन यकृताच्या डाव्या बाजूचा तुकडाच काढावा लागला, कारण तिथल्या नळ्या खड्यांनी गच्च भरल्या होत्या. तिला नातवंडं आहेत आता. पण मला त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल सांगायचंय.

सात वाजता मला आत सोडलं. रतनच्या उजव्या कुशीतून एक बारीक नळी निघून खाटेखालच्या पिशवीत गेली होती. पिशवीत पित्त थेंबथेंब पडत होतं. ती जागी होती. डोळे अजून पिवळे, पण ओळख असलेले.

"अक्का," ती म्हणाली, "तुमी झोपला न्हाई."

मी स्टूल ओढून बसले. रात्रभर मनात जुळवलेली वाक्यं आठवेनात. मग कशीबशी सांगितली सगळी हकीकत. कागदाची, तिसऱ्या ओळीची, जन्मात खडा होणार नाही म्हणाले त्याची. तिच्या सात-आठ महिन्यांच्या थंडीतापांची. एकही गोष्ट मागे ठेवली नाही.

माझं संपल्यावर ती छताकडे बघत म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय?"

"तुमी ती ओळ सोडली ते. तुमचं बोट फिरत हुतं कागदावर. एका जागी थांबलं, आनि मग उडी मारून खाली गेलं. मी शेजारीच बसली हुती की."

नळीच्या पिशवीत थेंब पडत होते. मी म्हणाले, "मग तेव्हाच का नाही विचारलंस, रतन?"

"समद्यांपुढं? आत्याबाई हुत्या, हे हुते, गल्लीतल्या चार बाया हुत्या. मी इचारलं असतं तर तुमास्नी म्हणावं लागलं असतं, येत न्हाई म्हणून." तिने मान माझ्याकडे वळवली. "आनि मला वाटलं, म्हत्त्वाचं असतं तर अक्का गप्प न्हाई बसायच्या. कुणाला तरी इचारून येतील."

चौदा महिने ती मी कुणाला तरी विचारून येईन याची वाट बघत होती, त्यातले सात-आठ महिने थंडीने कुडकुडत. मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत.

बाहेर कॉरिडॉरमध्ये हिंदुराव कुणाशी तरी बोलत होते. रतनने ओठांवरून जीभ फिरवली. ओठ सुकून फुटले होते.

"लई तहान लागलीया," ती म्हणाली. "घोटभर पाणी मिळंल का?"

टेबलावर तांब्या होता. माझा हात आपोआप तिकडे गेला. घोटभर पाण्याने काय होतंय, एवढं ओठावर आलं होतं.

"तसं नगं, अक्का," ती म्हणाली. "डॉक्टरला जाऊन इचारा. चालतंय का."

मी तांब्या खाली ठेवला आणि विचारायला गेले.